भिंतीपाशी संपणारी वाट

१

सकाळी दुकान उघडलं की माझं पहिलं काम पाण्याचं. फळीवर मांडलेल्या नमुन्याच्या लाद्यांवरून ओलं फडकं फिरवायचं. सिमेंटची नक्षीदार लादी कोरडी असली की धुळकट, आजारी दिसते. ओली झाली की तिचा लाल खरा लाल होतो आणि हिरवा खरा हिरवा. गिऱ्हाईक दारात येईपर्यंत ती ओली राहिली पाहिजे आणि त्याने हात लावेपर्यंत सुकली पाहिजे. हे मला कुणी शिकवलं नाही. शाळा मी चौथीत सोडली. पुढचं सगळं शिक्षण मेरिदा शहरातल्या बायकांनी दिलं. नवरा भाव विचारतो, बायको चप्पल काढून लादीवर उभी राहते. सौदा तिच्या तळव्याशी ठरतो.

एकदा एक वकीलसाहेब एकटेच आले. बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी फरशी पसंत केली, बायको बहिणीकडे गेली होती तेवढ्यात बसवूनही घेतली. बाई परत आल्या, उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी न्हाव्याच्या दुकानात राहणार नाही." आठवड्यात फरशी उखडली. मी ती अर्ध्या भावात परत घेतली आणि एका न्हाव्याला विकली. तिघेही अजून मला नमस्कार करतात.

माझा दुसरा धंदा जुन्या फरश्यांचा. गावातली जुनी घरं पडतात किंवा त्यांची हॉटेलं होतात, तेव्हा आम्ही फरशी अलगद उचलून आणतो. मधला नक्षीचा गालिचा, भोवती किनार, सगळं. प्रत्येक लादीच्या पाठीवर कोळशाने आकडा घालतो, म्हणजे नक्षी पुन्हा जुळते. यात एक अडचण असते. घरातली माणसं पन्नास-पन्नास वर्षं एकाच वाटेने चालतात. हॅमॉकपासून, म्हणजे आमच्या झोपायच्या झोळीपासून, दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. त्या वाटेवरची नक्षी पुसून जाते. अशा लाद्या कुणी तशाच ओळीने पुन्हा बसवत नाही. त्या विखरून टाकायच्या. एक कपाटाखाली, दोन कोपऱ्यात, एक माठाखाली. का, तर वाईट दिसतं म्हणून.

एवढंच कारण आहे, असं मी चाळीस वर्षं समजत होतो.

२

माझ्या स्वतःच्या घरात मात्र चकचकीत, घोटीव टाईल्स होत्या. लांदीला, माझ्या बायकोला, हे कुणालाही सांगायला फार आवडायचं. "लादीवाल्याच्या घरी लादी नाही," म्हणायची, "देवाची कृपा म्हणून हा शवपेट्या विकत नाही."

फेब्रुवारीत तिला अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय. तोंड वाचलं, आणि तिने ते लगेच कामाला लावलं, इस्पितळात पहिलं वाक्य बोलली ते, "म्हाताऱ्या, शर्टाची बटणं चुकीची लावलीयस." पण पाय जागचा हलेना. त्या चकचकीत टाईल्सवर ती दोनदा पडली. व्यायाम शिकवायला येणारी नेइदी नावाची मुलगी होती, तिने मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "काका, तिसऱ्यांदा पडल्या आणि खुबा मोडला, तर त्या पुन्हा उभ्या राहणार नाहीत. आणि पावसाळ्याच्या आत चालल्या नाहीत, तर पाय चालणं विसरेल. फरशी बदला."

मी दुकानातून अकरा नमुने आणले आणि मागच्या अंगणात आंबट संत्र्याच्या झाडाखाली ओळीने मांडले. लांदीला खुर्चीत बसवलं आणि एकेक लादी तिच्या पायाखाली सरकवत गेलो. आधी उजवा पाय, मग डावा उचलून ठेवायचा. डाव्याला काही कळत नव्हतं. नेइदी सुई टोचायची तरी कळत नव्हतं.

आठव्या लादीवर उजवा पाय ठेवून ती म्हणाली, "गार." मग मी डावा उचलून ठेवला.

ती गप्प झाली. लांदी गप्प झाली की मी घाबरतो.

"ही गरम आहे," ती म्हणाली.

"तुला कळलं? डाव्या पायाला?"

"कळलं म्हणून तर बोलतेय ना. गरम आहे. आत्ता कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखी."

मी वाकून तळहात लावला. लादी गार होती. सकाळपासून सावलीत होती. मी आनंदाने रडायला लागलो, आणि रडणारा माणूस जास्त विचार करत नाही.

ती लादी ओब्दुलियाबाईंच्या घरातली होती. त्या एकट्या राहायच्या, लग्न केलं नव्हतं, वारून आठ वर्षं झाली होती. त्यांच्या भाच्याने घर विकताना फरशी मला दिली होती. त्याला घाई होती. वाट पडलेल्या लाद्या दाखवून मी विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाला, "मावशी खूप चालायची." वाट नीट दिसत होती. मधल्या खोलीतून निघून अंगणाच्या दारापर्यंत, एका माणसाच्या रुंदीची. पण नीट पाहिलं तर एकापेक्षा जरा जास्तच रुंद, शेजारून कुणी धरून चालावं तशी.

३

विलो गवंडी माझ्याकडे वीस वर्षं आहे. हात सोन्याचा, जीभ कात्रीची. लाद्यांच्या पाठीवरचे आकडे बघत तो म्हणाला, "मालक, या झिजक्या अठरा कपाटाखाली घालू ना?"

"नको. आकड्याप्रमाणे लाव."

"वाट दिसेल."

"दिसू दे. लांदीला त्याच पाहिजेत पायाखाली."

"बरं," विलो म्हणाला. "उद्या गिऱ्हाइकांनी विचारलं तर सांगतो, आमच्या मालकांच्या घरी सेकंडहँड पावलंसुद्धा मिळतात."

चूक माझी होती, त्याची नाही. हे लिहून ठेवतो. माझी खोली त्या घरातल्या खोलीपेक्षा अरुंद आणि लांब. गालिचा बसेना, म्हणून मीच सांगितलं की तो पाव फेरी फिरवून घे. किनार नीट जुळली, कोपरे नीट आले. चार दिवसांनी विलोने शेवटची लादी लाकडी हातोडीने बसवली, सगळ्या लाद्या एकेक करून ठोकून ऐकल्या. बद्द आवाज आला तर खाली पोकळ राहिलंय असं समजायचं. एकही पोकळ नव्हती. मग तो उठला, दोन पावलं मागे गेला आणि डोक्यावरची टोपी सरकवली.

वाट लांदीच्या हॅमॉकच्या कडीखालून निघत होती, खोली ओलांडून जात होती आणि समोरच्या भिंतीत घुसत होती. तिथे दार नव्हतं. भिंतीपलीकडे अंगण होतं, पण तिकडे जायचं तर स्वयंपाकघरातून वळसा घालून दोन पायऱ्या उतराव्या लागत.

"मालक," विलो म्हणाला, "हिच्या घरी दार होतं. तुमच्याकडे आली तर भिंत."

"कोण आली?"

"फरशी हो," तो म्हणाला आणि घमेलं धुवायला लागला.

४

लांदी पाचव्या दिवशी चालली.

मी स्वयंपाकघरात पावट्याच्या डाळीत डुकराचं मांस शिजवत होतो. सोमवार होता, सोमवारी आमच्याकडे दुसरं काही शिजत नाही. वळून पाहिलं तर ती हॅमॉकमधून उठून उभी. काठीला हात नाही. ती त्या पुसट लाद्यांवरून निघाली. डावा पाय उचलायची, जरा थांबायची, मग ठेवायची. खोलीच्या मध्यापर्यंत आली आणि मला म्हणाली, "बघत काय उभा राहिलायस? डाळ लागतेय."

डाळ करपली. ती करपलेली डाळ आम्ही दोघांनी चाटूनपुसून खाल्ली.

नेइदीने दुसऱ्या दिवशी पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहून खोडलं. "कसं जमवलंत, मावशी?"

"सोपं आहे. ज्या जागी पाय पडलेला असतो तिथेच आपला ठेवायचा."

नेइदी हसली. मीही हसलो.

आता आवाजाचं सांगतो. आमच्याकडे दुपारी दोन ते चार सगळं शहर झोपतं. उन्हाने रस्ते ओस पडतात, कुत्रीसुद्धा सावली बदलत नाहीत. अशा वेळी मी माझ्या हॅमॉकमध्ये पडलेला असताना अनवाणी पावलांचा आवाज यायचा. लांदी झोपलेली, तिच्या हॅमॉकची दोरी स्थिर. पावलं तिच्यापाशी सुरू व्हायची, खोली ओलांडायची. भिंतीपाशी थांबायची. बराच वेळ काही नाही. मग परत.

मी व्यापारी माणूस आहे. आधी साधं कारण शोधतो. नवं सिमेंट सुकताना करकरतं. शेजारच्या घरी सून आलीय. टाकीचा नळ गळत असेल. नळ पाहिला, कोरडा होता. शेजारची सून बाळंतपणाला वायादोलिदला गेली होती. सिमेंट उरलं. सिमेंटवर मी महिनाभर ढकललं.

मग एक दिवस भिंत दिसली. वाट जिथे संपत होती, तिथे कमरेच्या उंचीवर चुन्यावर एक काळसर डाग पडला होता. तळहाताएवढा, गुळगुळीत. दाराच्या कडीभोवती पडतो तसा. रोज कुणीतरी कडी चाचपत असल्यासारखा.

मी चुन्याचा हात मारला. आठवड्यात डाग परत आला, बोटभर मोठा होऊन.

५

जानेवारीत उत्तरेचा गार वारा तीन दिवस घुमतो आणि मग एका सकाळी अचानक दमट, उबदार हवा परतते. गार पडलेल्या फरश्यांना तेव्हा घाम फुटतो. घरोघरी लाद्या काळ्याभोर ओल्या होतात. बायका फडकी घेऊन वाकलेल्या असतात आणि हवेला शिव्या देत असतात. त्या सकाळी मी उठलो तेव्हा आमची फरशीही पुरी ओली होती, दुकानातल्या नमुन्यासारखी लखलखीत. पुसट झालेली नक्षीसुद्धा ओलीमुळे वर आली होती.

आणि त्या ओलीत कोरडी पावलं होती.

ओल्या पायांचे ठसे कोरड्या फरशीवर उमटतात, ते सगळ्यांनी पाहिलंय. हे उलट होतं. कुणीतरी उभं राहिलं होतं म्हणून तेवढी जागा ओली होऊ शकली नव्हती. लहान, रुंद पावलं, बाईची. लांदीच्या हॅमॉकच्या डाव्या बाजूला दोन, जोडीने, बोटं तिच्याकडे केलेली.

मी उभा राहून बघत होतो. पहिली पावलं हळूहळू ओली होत गेली, कडेकडेने आत. आणि वाटेवर पुढची दोन कोरडी होत गेली.

"लांदी," मी हळूच हाक मारली.

"जागी आहे मी."

"तुझ्या बाजूला—"

"माहितीये," ती म्हणाली. "घाबरवू नकोस. लाजाळू आहे."

"कोण?"

"मी कशाला विचारू? तू कधी रोख मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारतोस का, बाबा तू कुणाचा? ती मला हात देते, मी घेते. डावा कोपर धरते. डावीकडे मला दुसरं काही कळत नाही, म्हाताऱ्या. तेवढी बोटं कळतात."

मी खोटं बोलणार नाही. मी घाबरलो. पण त्याच वेळी, देवाशप्पथ, माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "उपकार झाले."

६

भीतीची गोष्ट ती पावलं नव्हती. भिंत होती.

मार्च लागला तशी लांदी भिंतीपर्यंत जायला लागली. जायची आणि थांबायची. आधी मिनिटभर, मग पंधरा मिनिटं. एकदा दुकानातून जेवायला आलो तर ती भिंतीला कपाळ टेकवून उभी, डावा हात त्या डागावर ठेवलेला. पाय लटलट कापत होते. झगा घामाने भिजला होता. खुर्ची हाताच्या अंतरावर होती.

"लांदी! बस ना!"

"कशी बसू? ती थांबलीय."

"कशासाठी?"

"कुणीतरी उघडेल म्हणून."

तासभर उभी होती, असं तिनेच सांगितलं. त्या रात्री तिला ताप भरला. नेइदी म्हणाली, इतकं उभं राहून पुन्हा पडल्या तर मला बोलावू नका, थेट इस्पितळात न्या.

मी विलोला बोलावलं. छिन्नी-हातोडी घेऊन तो आला, आणि मी म्हणालो, "त्या अठरा लाद्या काढ."

लांदी हॅमॉकमध्ये उठून बसली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला कधी विनवलं नव्हतं. खूप काही केलं होतं, विनवणी सोडून. "गास्पार," ती म्हणाली. म्हाताऱ्या नाही, गास्पार. "त्या काढल्यास तर माझा पाय काढलास."

विलो छिन्नी हातात धरून खाली बघत होता. ठेवल्या तर भिंत तिला मारणार. काढल्या तर हॅमॉक. मी आयुष्यभर दोन वाईट मालांतून तिसरा चांगला सौदा काढत आलो. खोलीत आम्ही तिघं होतो, आणि लांदीच्या डाव्या बाजूला आणखी कुणी. त्या जागेकडे बघून मला लाज वाटली. माझ्या घरी येऊन कुणी वर्षभर फुकट राबत होतं, आणि मी तिला साधं दार दिलं नव्हतं. चूक कुणाची? पाव फेरी मी फिरवली होती.

"विलो," मी म्हणालो, "लाद्या राहू दे. भिंत फोड."

"आं?"

"डाग आहे ना, तिथे कडी आली पाहिजे. बाकी माप तू घे."

विलोने भिंतीकडे पाहिलं. मग डागाची उंची वितीने मोजली आणि म्हणाला, "एकदा तरी गिऱ्हाइकाने स्वतःच माप लिहून ठेवलंय."

एक भीती मी कुणालाच सांगितली नाही. दार मिळालं की ती निघून जाईल. आणि जाताना लांदीचा पाय घेऊन जाईल.

७

दार बसायला नऊ दिवस लागले. सीडरच्या लाकडाचं केलं, साधं, पितळी कडीचं. खाली पायरी ठेवली नाही. अंगणाची माती भरून फरशीच्या पातळीला आणली.

दहाव्या दिवशी दुपारी तीन वाजता मी माझ्या हॅमॉकमध्ये डोळे मिटल्यासारखं करून पडलो होतो. लांदी उठली. पुसट लाद्यांवरून दोघींची पावलं पडत गेली, एक जोड तिची, एक नुसत्या आवाजाची. दारापाशी ती थांबली. कडी वळली. लांदीचे दोन्ही हात तिच्या अंगाशी होते.

दार उघडलं आणि ऊन आत आलं. इतकं की लांदी नुसती काळी आकृती झाली. तेवढ्यात मला तिच्या झग्याची डावी बाही दिसली. कोपराच्या वर कापड आवळलेलं होतं; चार घड्या एकीकडे, एक पलीकडे. उन्हात प्रत्येक घडीची सावली स्पष्ट होती. लांदी उंबऱ्यातून बाहेर पडली. आणि त्या घड्या एकेक करून सुटल्या. सावकाश. मूल सायकल शिकल्यावर आपण मागचा हात काढतो तशा.

बाही सरळ झाली. लांदी एकटी होती.

ती डगमगली. मी उठायला गेलो, माझा पाय हॅमॉकच्या जाळीत अडकला, आणि मी सपशेल फरशीवर आपटलो. तोंड वर करून पाहिलं तर ती झाडाखाली पोचली होती, खोडाला हात लावून हसत होती.

"लादीवाल्या," ती ओरडली, "फरशी घसरडी आहे का रे?"

त्यानंतर दुपार खरीच शांत झाली. दाराभोवतीच्या भिंतीला चुना दिला, डाग आला नाही. लांदी आधी चौकापर्यंत, मग बाजारापर्यंत जायला लागली. कोथिंबीर विकणाऱ्या बाईशी भांडून आली त्या दिवशी मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून गल्लीत सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. सर्व मृतांच्या दिवशी आम्ही घरच्या मेजावर आमच्या गेलेल्या माणसांसाठी वाढतो. त्या वर्षी एक ताट जास्त वाढलं. नाव घेतलं नाही. लांदीने नुसतं म्हटलं, "दार उघडं ठेव." ते दार आम्ही अजून दिवसा लावत नाही.

८

हे सगळं आज लिहितोय त्याला कारण परवाची सकाळ.

तीन दिवस उत्तरेचा वारा होता, मग हवा फिरली. फरशीला घाम फुटला. लांदी स्वयंपाकघरात कॉफी करत होती, कालचे पाव भाजल्याचा वास येत होता. मी हॅमॉकमध्ये उठून बसलो. माझी हॅमॉक खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे, वाटेपासून लांब. तिथल्या लाद्यांवरची नक्षी अजून कोरी करकरीत आहे.

माझ्या डाव्या बाजूला, ओल्या काळ्या लाद्यांवर, दोन कोरडी पावलं होती. लहान, रुंद. बोटं माझ्याकडे.

मी घसा खाकरला. गिऱ्हाइकाशी बोलावं तसा, अदबीने बोललो. "बाई, तुमचे उपकार आम्ही विसरलो नाही. पण तुमची काहीतरी गल्लत होतेय. तिकडे बघा, ती स्वयंपाकघरात आहे, ठणठणीत आहे. आणि माझे पाय अजून धड आहेत."

पावलं हलली नाहीत.

"कुणाशी बोलतोयस, म्हाताऱ्या?" लांदीने विचारलं.

"हवेशी. दमट आहे फार."

तिच्या हातातला चमचा थांबला, हे मी ऐकलं. लांदी गप्प झाली होती.

मी पाय खाली सोडले. आधी उजवा. लादी गार होती, ओली, जानेवारीत असायला हवी तशी. मग डावा.

डावीकडची लादी गरम होती. आत्ता कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

कॉफीचा वास येत होता, दारातून अंगणातलं ऊन आत येत होतं, आणि आत कुठेतरी माझी बायको स्वतःच्या पायांवर उभी होती. मग मी म्हणालो, "उपकार झाले, बाई," आणि डावा कोपर जरासा पुढे केला.